मदत हवी आहे: १२ बाय ११ च्या खोलीत फ्लोअरस्टँडिंग स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे, म्हणजे टॉवर) घ्यावेत का?

मंडळी नमस्कार. लेक नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची खोली गाणं ऐकायला मला मिळाली. (तिला अजून हे असं सांगितलेलं नाही.) लांबी १२ फूट, रुंदी ११, खाली मोझॅइक, कोपऱ्यात लोखंडी कपाट. सोफा मागच्या भिंतीला चिकटून.

ऐकणं मुख्यतः ख्यालगायकी: मन्सूर, कुमारजी, किशोरीताई. सध्या ४० वॅटचा ॲम्प आणि टीपॉयवर ठेवलेले छोटे बुकशेल्फ स्पीकर. गळा छान येतो, पण तानपुरा भरून राहत नाही आणि डग्ग्याची नुसती चापटी ऐकू येते. म्हणून मित्राचे टॉवर दोन दिवसांसाठी उचलून आणले, तर भलतंच. डग्गा आला, पण जाईना! विलंबितात चालून गेलं. द्रुतमध्ये एका मात्रेचा 'धा' पुढच्या मात्रेत सांडतो, वर कपाटाचं दार साथीला. शोरूममध्ये हेच टॉवर कसे गोड वाजले होते.

डोळ्यासमोर डाली ओबेरॉन ५ आणि क्यू अकूस्टिक्स ३०५०आय हे दोन टॉवर आहेत. खोली लहान म्हणून टॉवरचा नादच सोडू? आणि ४० वॅट पुरतील का?

प्रतिसाद १
दादा, स्पीकर बदलण्याआधी सोफा हलवा. खोली तिच्या मापानुसार ठरावीक कंप्रतांना घुमते, तो तिचा अनुनाद. १२ फुटांत पहिला अनुनाद साधारण ४७ हर्ट्झला, दुसरा ९४ ला. ११ फुटांचे ५१ आणि १०२. खोली जवळजवळ चौकोनी, त्यामुळे दोन्ही जोड्या शेजारी शेजारी पडतात आणि डग्गा नेमका त्या वरच्या जोडीत सापडतो. भिंतीपाशी हे सगळे अनुनाद सर्वांत जोरात असतात, आणि तुम्ही तिथेच बसलाय. डोकं मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर येईल असं बसा, ९४ चा फुगवटा बराच उतरेल. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र नको, तिथे तो परत चढतो.

प्रतिसाद २
वॅटची काळजी सोडा. ओबेरॉनची संवेदनशीलता (थोड्या वीजशक्तीत किती मोठा आवाज निघतो ते) ८८ डेसिबल आहे, एवढ्या खोलीत ४० वॅट संपणार नाहीत. माझं मत ओबेरॉनला: वूफर सव्वापाच इंची, उंचीही बेताची. डाली स्पीकर श्रोत्याकडे वळवून नव्हे, सरळ समोर ठेवायला सांगते, हे लक्षात असू द्या. दोन्हींचे पोर्ट (खर्जासाठी ठेवलेली हवेची भोकं) मागे आहेत, म्हणून भिंतीपासून लांब ठेवा. तरी घुमले तर पोर्टमध्ये पायमोजा कोंबा. हसू नका, क्यू अकूस्टिक्स त्यासाठी फोमचे बोळे देते.

धागाकर्ता
मित्राचे टॉवर अजून इथेच होते. सोफा बाहेर काढला, खुर्ची टाकली, ३ फूट मोजले. 'धा' पुष्कळ आवरला. कपाटाच्या दाराला रबर लावलं, तेही गप्प. आता ओबेरॉन घरी आणून ऐकवणारा दुकानदार पुण्यात कोणी आहे का? शोरूममधल्या गोडव्यावर पैसे टाकायचे नाहीत. आणि सोफा सध्या हॉलमध्ये आडवा पडलाय, त्यामुळे जरा घाई आहे.