मामा (माजी मालगुजारी) तलावाचं निस्तार पत्रक "आढळून येत नाही" म्हणे. पहिल्या अपिलात काय लिहू?

नमस्कार मंडळी. गाव गोंदिया जिल्ह्यातलं. आमच्या मामा तलावाच्या पोटात धानाच्या बांध्या सरकत चालल्या, त्यातच ढिवरांच्या मासेमारीवरून भांडण निघालं. पाण्यावर अन् मासेमारीवर कोणाचा काय हक्क, हे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्कांच्या सरकारी नोंदींतच पाहावं लागतं. म्हणून दहाचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात दोन्हींच्या नकला मागितल्या. उत्तर एका ओळीचं: "शोध घेतला असता सदर अभिलेख आढळून येत नाही."

कोणी शोधलं, कोणत्या वर्षांचे बस्ते (दप्तराचे गठ्ठे) उघडून पाहिले, काहीच नाही. अभिलेख कक्ष मी पाहिला आहे. लाल कापडातले बस्ते पार छतापर्यंत, वरच्या चिठ्ठ्या उधईनं खाल्लेल्या. तिथले बाबू म्हणाले, "भाऊ, एवढं कोण सोडून पाहते?" खरं बोलले बिचारे, पण पत्रावर सही साहेबांची. शिवाय आमचा जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातून निघाला. जुनं दप्तर तिकडंच असेल तर? तिकडे विचारलं का, तेही लिहिलं नाही.

शोध कुठवर घ्यायचा, हे कायद्यात कुठं आहे का? अपिलाचे 30 दिवस चालू आहेत.

प्रतिसाद:
"इतकं शोधा" असं कलम नाही, भाऊ. पण "सापडत नाही" हे माहिती नाकारायचं कारणही कलम 8 मध्ये नाही. भारत सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर (दिल्ली उच्च न्यायालय, 2013) हा निकाल जोडा: एकदा दप्तरी असलेली माहिती कसून शोध न घेता नाकारता येत नाही, गहाळ असेल तर चौकशी करून जबाबदारी ठरवायची.

अपिलाला 20 चं तिकीट. शोधाचा लेखी तपशील मागा, बस्ते स्वतः पाहू द्या म्हणा. अभिलेख भंडाऱ्याला असेल तर कलम 6(3) खाली अर्ज 5 दिवसांत तिकडे वर्ग व्हायला हवा होता, हे ठळक लिहा. नकार योग्य होता हे सिद्ध करणं त्यांच्यावर आहे, कलम 19(5). गुन्हा दाखल करा वगैरे आत्ताच लिहू नका, साहेब लोक बिथरतात. ते राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढे दुसऱ्या अपिलात, त्याला 90 दिवस असतात.

मच्छीमार सोसायटीकडे तलावाच्या जुन्या ठेक्याचे कागद आहेत का? त्यात पत्रकाचा उल्लेख निघाला तर "असं काही नव्हतंच" म्हणायची सोय उरत नाही.