आरोग्य शिबिरातील एचआयव्ही तपासणीचे टेबल ओस का पडते?

कोपरखैरण्याचा चिटणीस:
नमस्कार. आमच्या वसाहतीत माथाडी कामगारांची घरे अधिक असून बहुतेक जण तुर्भ्याच्या बाजार समितीत कामाला जातात. माघी गणेशोत्सवात आमचे मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर घेते. गेल्या वर्षी साखर, रक्तदाब आणि डोळे तपासण्यासाठी मांडवाबाहेरपर्यंत रांगा लागल्या होत्या, मात्र ‘एचआयव्ही तपासणी’ असा फलक लावलेले टेबल संध्याकाळपर्यंत ओस पडले होते. एक तरुण तेवढा जाऊन बसला, तोच डोळ्यांच्या रांगेतून कोणीतरी “काय रे, कुठे जाऊन आलास?” असे ओरडले. सगळे हसले आणि तोही हसत हसत उठून गेला. यंदाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी, आपल्याकडे तसली माणसे नाहीत, तेव्हा हे टेबलच नको, असे मांडले. मला ते पटलेले नाही. पण त्यांना काय उत्तर द्यावे आणि तपासणी ठेवायची तर कशी, हे सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी समुपदेशक, ठाणे:
चिटणीस साहेब, तो तरुण सुईला घाबरून उठला नाही, चारचौघांनी पाहिले म्हणून उठला. मी अनेक वर्षे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात तिथे, काम केले आहे. रुग्णालयाच्या आवारातसुद्धा लोक केंद्राचे नाव न घेता नुसता खोलीचा क्रमांक विचारत असत.

तेव्हा आधी तो फलक काढा. शिबिराला लागून एखादी दाराची खोली मिळवा आणि साखर तपासून झालेल्या प्रत्येकाला पाच मिनिटांसाठी समुपदेशकाकडे आत पाठवा. रक्त द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने आत ठरवावे. सगळेच आत जाऊन येत असल्यामुळे कोणी काय केले, हे बाहेरच्यांना कळण्याचे कारणच उरत नाही. सक्ती मात्र करू नका, कारण 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. शिबिरात बोटाला टोचून होणारी चाचणी प्राथमिक स्वरूपाची असते. ती रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली तरी निदान ठरत नाही. त्यासाठी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात आणि त्या मोफत असतात. उलट, धोका नुकताच पत्करला गेला असेल तर निगेटिव्ह अहवालावर विसंबून न राहता तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, आणि 72 तास उलटले नसतील तर तपासणीची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जावे, कारण तेवढ्या अवधीत सुरू केलेली 28 दिवसांची औषधे संसर्ग टाळू शकतात.

कळव्याची परिचारिका:
आपल्या ज्येष्ठ सभासदांना एवढेच विचारा, की त्यांच्या घरातल्या सुनेचे बाळंतपणासाठी नाव नोंदवले तेव्हा कोणकोणत्या रक्त तपासण्या झाल्या होत्या. गरोदरपणाच्या तपासण्यांत एचआयव्हीची चाचणीही सुचवली जाते आणि बहुतेक घरांत ती होऊनही गेलेली असते, तेव्हा ‘तसली माणसे’ हा शब्द कोणी काढत नाही. ही तपासणी व्हायलाच हवी, कारण उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते आणि वेळेवर औषधे मिळाली तर ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते.

एक वाशीकर:
माझे निदान पत्नीच्या अशाच तपासणीनंतर झाले. तिचा अहवाल आल्यावर मलाही बोलावले गेले. आज आम्ही दोघे नियमित एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधे, घेतो, रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या व्हायरल लोड चाचणीत विषाणू आढळत नाही आणि मुलगी निगेटिव्ह आहे. विषाणू अशा रीतीने दबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही, हे समुपदेशकांनी सांगितले तेव्हा मला खोटे वाटले होते. ही एक गोष्ट शिबिरात सांगितली तरी पुष्कळ झाले. कवटी आणि हाडांची जुनी भित्तिपत्रके मात्र लावू नका.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या ठिकाणी मी कंत्राटी कामाला होतो, तिथे गोष्ट फुटल्यावर माझा चहाचा कप वेगळा ठेवला गेला आणि महिन्याभरात काम सुटले. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्येच म्हटले होते आणि सप्टेंबर 2018 पासून वर सांगितलेला 2017 चा कायदाही लागू आहे, हे मला फार उशिरा समजले.

माझी एक विनंती आहे. शिबिर संपल्यावर ‘इतक्यांची तपासणी, इतके बाधित’ असे व्यासपीठावरून जाहीर करू नका. आकडा एक निघाला, की सारी वसाहत त्या एकाला शोधत बसते.

कोपरखैरण्याचा चिटणीस:
सर्वांचे आभार. आकडा जाहीर करण्याची आमची प्रथाच आहे, गेल्या वर्षी मधुमेहाचा मीच माईकवरून वाचला होता. यंदा कोणताच वाचणार नाही. परिचारिका ताईंचा प्रश्न त्या सभासदांना विचारला, त्यावर ते काही बोलले नाहीत, पण शाळेच्या वर्गखोलीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज देताना त्यांनी सही केली. तुर्भ्यात पहाटेच माल उतरवायला जाणाऱ्यांसाठी ती खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवण्याचे ठरले आहे. 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक शिबिराच्या प्रत्येक कार्डाच्या मागे, रक्तदान आणि रुग्णवाहिकेच्या क्रमांकांसोबतच छापत आहोत.