ग्रंथालयाची तासिका, मामाचा मेसेज आणि आपले टॅबलेट

प्रेषक: जालनेकर (चिटणीस), एडिसन
विषय: शाळा ग्रंथालय प्रकल्प, मतं कळवा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या ईमेल-यादीवर नव्यानं आलेल्यांसाठी: इथं सही गावाच्या नावानं करायची पद्धत आहे, त्यामुळं माझं नाव विचारू नका.

गेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी आपण काहीतरी करतोय. प्रस्ताव दोन कलमी आहे. एक, वीस टॅबलेट. दोन, इथल्या म्हणजे अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेची २०१७ ची मानकं मराठीत आणून शाळेला द्यायची, म्हणजे मुलं माहिती शोधायला आणि पारखायला शिकतील. भाषांतराचा कच्चा मसुदा जोडलाय. रविवारपर्यंत मतं कळवा. हुरड्याच्या कार्यक्रमाबद्दलच्या मेल कृपया वेगळ्या विषयाखाली पाठवा, मागच्या वेळी सगळा गोंधळ झाला.

*

प्रेषक: वसमतची, हल्ली प्रिन्स्टनजवळ
विषय: उत्तर: शाळा ग्रंथालय प्रकल्प

चिटणीस, मसुदा वाचला. मी इथल्या सरकारी शाळेत ग्रंथपाल आहे आणि सध्या आमच्या डिस्ट्रिक्टचा अभ्यासक्रम नव्यानं लिहिणाऱ्या गटातही, त्यामुळं जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी भाषांतर. २०१७ च्या मानकांचा डोलारा सहा क्रियापदांवर उभा आहे: प्रश्न विचारा, सगळ्यांना सामावून घ्या, मिळून काम करा, निवडा, शोधत राहा, जबाबदारीनं वापरा. यातल्या 'निवडा'ला, म्हणजे मूळच्या 'क्युरेट'ला, मसुद्यात 'संग्रहण' म्हटलंय. संग्रहण म्हणजे कपाटात भरून कुलूप लावणं, आणि ते आपल्या शाळांना शिकवायची गरज नाही. माझी आजी ओसरीवर सुपात ज्वारी घेऊन बसायची. आधी पाखडायची, मग हातानं खडे वेचायची, आणि चांगली ज्वारी वेगळ्या डब्यात, तीही कुठल्या रानातली ते लक्षात ठेवून. तेच हे काम. 'निवडणं-पाखडणं' लिहा, पाचवीच्या पोराला कळेल.

न्यू जर्सीत ४ जानेवारी २०२३ ला कायद्यावर सही झाली आणि बालवाडीपासून बारावीपर्यंत माहिती साक्षरता शिकवणं बंधनकारक झालं. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यात चांगल्या गोष्टी आहेत: माहिती तयार कशी होते, मूळ साधन आणि दुय्यम साधन यांत फरक काय, वस्तुस्थिती आणि मत वेगळं कसं ओळखायचं. मानकं लिहिणाऱ्या समितीत शालेय ग्रंथपाल असलेच पाहिजेत असंही त्यात आहे, हे मला सगळ्यात आवडलं.

वर्गात प्रत्यक्ष उपयोगी पडतं ते मात्र दुसरंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. पीएचडी झालेले इतिहासकारही फसले. तपासनीस फसले नाहीत, कारण ते त्या पानावर थांबलेच नाहीत. थोड्याच वेळात बाहेर पडून शेजारी नवीन टॅब उघडून बघायचे की या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात. आम्ही मुलांना हेच शिकवतो आणि तीन प्रश्न देतो: हे कुणाचं? पुरावा काय? बाकीचे काय म्हणतात?

आता माझा खरा मुद्दा. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा. वसमतला माझी आई अंगणात बाज टाकून बसली आणि दुपारपर्यंत तिच्या फोनवर आलं की रात्री दोन वाजता याहून मोठा येणार, नासानं सांगितलंय. तिनं मला विचारलं, मी माझ्या भाच्याला सांगितलं की शोध रे. त्यानं मराठीत शोधलं. एकाच बातमीच्या सात नकला सापडल्या, आणि लाल बाणवाले व्हिडिओ. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची नोंद मिळाली ती इंग्रजीत. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे एक साधं वाक्य मराठीत सापडायला त्याला अर्धा तास लागला.

बरोबर पंधरा दिवसांनी, ५ एप्रिलला सकाळी दहा तेवीसला, इथं न्यू जर्सीत ४.८ चा धक्का बसला. माझ्या ग्रंथालयातली पुस्तकं हलली. इथंही पोरांच्या फोनवर अफवा आल्या. पण त्यांनी शेजारचा टॅब उघडला आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचं पान, नकाशा, 'तुम्हाला जाणवला का' हा अर्ज, सगळं त्यांच्या भाषेत हजर.

म्हणून म्हणते, 'शेजारी बघा' हे मानक भाषांतर करून पाठवाल, पण शेजारच्या घरात मराठीत कुणी राहतच नसेल तर पोरगं बघणार काय? सहा क्रियापदं पोहोचवण्याआधी ते विचारात घ्या.

*

प्रेषक: परळीकर (खजिनदार)
विषय: उत्तर: उत्तर: शाळा ग्रंथालय प्रकल्प

ताईंचं पत्र छान. पण कुणी कायदा बघितलाय का? आपलं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं, म्हणजे परकीय स्रोत. २०१० चा परकीय योगदान कायदा आणि त्याची २०२० ची दुरुस्ती यांप्रमाणे पैसे फक्त नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला देता येतात, तेही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. शाळेच्या संस्थेकडं यांतलं काहीच नाही, मी विचारलं. टॅबलेट ही वस्तू आहे म्हणून सुटतो असंही समजू नका, वस्तूही त्यातच मोडतात. आणि देणगीदारांना फोटो लागतात. निवडणं-पाखडणं याचा फोटो कसा काढायचा?

*

प्रेषक: ग्रंथपाल, औसा तालुका (चिटणिसांनी पुढे पाठवलेलं)
विषय: आपल्या पत्रव्यवहारासंदर्भात

आदरणीय ताई व सर्व मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

चिटणीस साहेबांनी तुमची पत्रं पाठवली. मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. अर्धवेळ हे पगारापुरतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, रजेवरच्या शिक्षकांचे तास, सगळं आमच्याकडंच. दाखल नोंदवहीत दोन हजारांवर पुस्तकं आहेत. पुस्तक गहाळ झालं तर भरपाई तुझ्या खिशातून, असं माझ्या आधीच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळं वर्षानुवर्षं पुस्तकं सुखरूप राहिली. विश्वकोशाचे खंड असे कोरे आहेत की काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका आठवड्याला एक आहे, शुक्रवारी शेवटची. ती बहुतेक वेळा दहावीच्या जादा गणिताला जाते. तुमच्या मानकात पहिली ओळ कोणती टाकायची असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: ग्रंथालयाची तासिका कुणी खायची नाही. बाकी सगळं नंतर.

तरी ताईंचे तीन प्रश्न वाचून राहवलं नाही. मागच्या शुक्रवारी सातवीचा तास मिळाला. वर्गात फोन आणायला बंदी आहे, म्हणून भूकंपाच्या एका मेसेजची झेरॉक्स काढली, दोघांत एक कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं: हे कुणाचं?

सगळ्या वर्गाचं उत्तर एकच. "सर, मामाचं." कुणाचं काकाचं, एकीचं मावशीचं. ज्यानं पाठवलं त्याचंच ते, असा त्यांचा हिशोब. आणि मामा खोटं कशाला बोलेल? ताई, तुमच्याकडच्या पानावर 'आमच्याविषयी' असा कोपरा असतो. आमच्याकडं येतो तो नुसता मजकूर, आणि त्याच्यावर मामाचा फोटो. म्हणून प्रश्न बदलला: मामाला कुणी पाठवलं? आणि त्याला? मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणला, "सर, असं तर गाव संपंल पण माणूस सापडायचा नाही." मी म्हणलं, हेच लिही कागदावर. त्यानं लिहिलं, "लिहिणारा सापडला नाही." मला वाटतं हे पहिलं मानक झालं.

या गोष्टीला हसू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. तेही मेसेजच होते, आणि पाठवणारे सगळे ओळखीचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. यंत्रानं पाच केले, पण पाचातला एक मामा असतोच.

दुसरा प्रयोग किल्लारीचा केला. आमच्या पोरांच्या घराघरांत तो विषय आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. मुलांना सांगितलं, किती माणसं गेली ते शोधून आणा आणि कुठं सापडलं तेही लिहा. सोमवारी आकडे आले. कुठं ७,९२८, कुठं ९,७४८, कुठं नुसतं 'दहा हजार'. भूकंपाची तीव्रता कुठं ६.२, कुठं ६.४. दोघींनी व्हॉट्सॲपमधल्या निळ्या गोलाला, म्हणजे त्यातल्या एआयला, विचारलं होतं. त्यानं झोकात परिच्छेद दिला, पण कुठून आणला ते सांगितलं नाही, म्हणून त्यांचा रकाना रिकामा राहिला आणि त्या नाराज झाल्या.

वर्गात गलका झाला, "सर, खरं कोणतं?" मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते एका आकड्यात देता येत नाही. मग पुनर्वसनाच्या गावातून येणारी एक मुलगी उठली. ती आजीला विचारून आली होती. आजीनं एकूण आकडा सांगितला नाही. आपल्या गल्लीतली घरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांगितली, कुणाच्या घरात कोण गेलं. मुलीनं ती नावं वहीत लिहून आणली होती, आणि 'कुठं सापडलं' या रकान्यात लिहिलं होतं: आजी, स्वतः पाहिलेलं. मूळ साधन म्हणजे काय हे मग मला शिकवावं लागलं नाही.

टॅबलेटविषयी स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्याकडं संगणक कक्ष होता. बॅटऱ्या गेल्या, कंत्राट संपलं, आता त्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ असतो. वीस टॅबलेट आले तर त्यांची पण दाखल नोंद होईल, पण तेही कपाटात जातील आणि किल्ली परत माझ्याच खिशात येईल.

*

प्रेषक: परभणीकर काका, शार्लट
विषय: उत्तर: आपल्या पत्रव्यवहारासंदर्भात

सर, लई दिवसांनी या यादीवर वाचण्यासारखं काही आलं.

एक भर घालतो. नुसत्या अफवांवर अडकू नका. आपल्याकडं माहिती चुकली तर पेरणी चुकते. मृगात चार थेंब पडले की फोनवर अंदाज फिरतात, लोक सोयाबीन टाकतात, पाऊस दडी मारतो, मग दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे दोनदा. आमच्या परभणीचं कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला काढतं, मराठीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे ते दर वर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात. ताई म्हणतात शेजारी कुणी राहत नाही. राहतात हो, पण दार कुठं आहे ते पोरांना दाखवलेलं नाही. सल्ला शुक्रवारी निघतो, तुमची तासिका शुक्रवारीच. फळ्यावर लावा, शेजारी गावातला मेसेज लावा, आणि आठ दिवसांनी काय झालं ते पोरांनाच लिहू द्या. सातबारा ऑनलाइन कसा बघायचा हेही शिकवा, बाप स्वतः फोन काढून देईल.

*

प्रेषक: वसमतची
विषय: नवा मसुदा

काका, बरोबर. मी जरा जास्तच निराश सुरात लिहिलं होतं. विश्वकोश तर वाईहून थेट संकेतस्थळावर आहे आणि मीच विसरले.

सर, तुमचं पत्र मी आमच्या इथल्या गटात इंग्रजीतून वाचून दाखवलं. 'मामाला कुणी पाठवलं' हे आता आमच्या सहावीच्या मसुद्यात आहे, कारण आमच्या पोरांनाही बातमी पानावरून येत नाही, मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटवरून येते.

भाषांतर रद्द समजा. त्याऐवजी पाचवी ते आठवीसाठी एवढंच लिहिलंय: पाठवणारा आणि लिहिणारा वेगळा ओळखता येतो. कुठलाही आकडा लिहिताना तो कुठून आणला ते शेजारी लिहितो. दोन ठिकाणी दोन आकडे निघाले तर दोन्ही लिहितो, एक खोडत नाही. निदान एक उत्तर छापील पुस्तकातून आणि एक माणसाकडून आणतो. सापडलं नाही तर 'सापडलं नाही' असं लिहितो, आणि त्याचे गुण कापायचे नाहीत. शेवटचं मुख्याध्यापकांसाठी: तासिका खायची नाही. सोबत एका पानावर मराठी ठिकाणांची यादी देऊ, काकांनी सुरू केलीच आहे. राज्याचा २०२४ चा अभ्यासक्रम आराखडा आलाय, त्याप्रमाणे पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलतायत. तेवढ्यात एखाद्या शाळेत हे चालवून दाखवलं तर बरं. सर, शब्द खटकले तर बिनधास्त बदला.

*

प्रेषक: ग्रंथपाल, औसा तालुका
विषय: उत्तर: नवा मसुदा

ताई, 'ओळखता येतो' ऐवजी 'ओळखून दाखवतो' करा, नाहीतर सगळेच म्हणतील येतं.

मुख्याध्यापकांनी सातवीची तासिका शुक्रवारऐवजी बुधवारी चौथी दिली. काकांचा सल्ला एक दिवस शिळा मिळेल, पण गणित तिथं येत नाही. विश्वकोशाची चिकटलेली पानं मुलांनी पट्टीनं सोडवली, एक फाटलं, त्याची नोंद केली आहे. अडचण एकच. दर आठवड्याला झेरॉक्स लागतात आणि शाळेच्या प्रिंटरचं कार्ट्रिज संपत आलंय. गावातल्या दुकानात दोन रुपये पान घेतात.

*

प्रेषक: परळीकर (खजिनदार)
विषय: कार्ट्रिज

सर, मंडळाच्या खात्यातून नाही जमणार, वर लिहिलंच आहे. पण माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, म्हणजे मी स्वतःच्या कमाईतून दिलं तर ते परकीय धरत नाहीत. डिसेंबरात परळीला येतोय, येताना लातूरला थांबून घेतो. नंबर कळवा. प्रिंटरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला लिहिलेला असतो.