जूनपासून विहिरी मोजल्या, आता सगळ्यांच्या वह्या एकत्र कशा करायच्या?

नववीतली, खानापूर तालुका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीला आहे. शाळा सुरू झाली तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी आमचा गट केला आणि गावातल्या विहिरींचं पाणी दर रविवारी मोजायचं काम दिलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ते मांडायचंय. पावसाळ्यात सगळे हौसेनं यायचे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर गळती लागली. आता मी, मळ्यातली मैत्रीण आणि देवळाच्या गल्लीतला एक मुलगा एवढेच उरलोय.

मापं तीन तऱ्हेची झालीत. मी टेपनं मीटरमध्ये लिहिलंय, गल्लीतल्या मुलानं फुटात. मैत्रिणीकडं टेप नव्हता, म्हणून तिनं आपल्या हाताच्या मापानं दोरीला गाठी मारल्या आणि मळ्यातल्या विहिरीचं सगळं हातात लिहिलं. त्यात देवळाजवळच्या विहिरीचे ऑक्टोबरचे आकडे एकानं सुट्टीवरून आल्यावर एका बैठकीत अंदाजानं भरलेत. तो स्वतःच तसं सांगतो. ते ठेवू की खोडू? खोडले तर आलेखात मधेच मोकळी जागा राहते. आणि जे दिवाळीनंतर आलेच नाहीत, त्यांची नावं बोर्डावर घालायची का? बाई म्हणतात तुम्हीच ठरवा. यावरून गटात बोलणंच बंद झालंय. मला हे काम अर्धं टाकायचं नाही. कुणी असा प्रकल्प केला असेल तर सांगा.

निपाणीचा, बी.एस्सी. दुसरं वर्ष

पहिलं म्हणजे मोजणं थांबवा. एक रविवार ठरवा, तो शेवटचा. आमच्या गटात शेवटपर्यंत नवीन माहिती येत राहिली आणि लिहायला कुणी बसेचना. दुसरं, सगळ्या वह्यांचे आधी फोटो काढून ठेव. एखादी हरवली तर परत जून यायचा नाही.

निवृत्त शिक्षक, बेळगाव

पोरी, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. इतके महिने रविवारची सकाळ विहिरीवर घालवणं सोपं नाही.

आधी ते ऑक्टोबरचे आकडे. ते काढा. जिथं मोजलं नाही तिथं जागा मोकळी सोडा आणि खाली लिहा, ‘दसऱ्याची सुट्टी, मोजणी नाही’. रेघ तिथं तोडायची, ओढून जोडायची नाही. बघणारा त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवेल, ठेवू दे. बाकीचे आकडे खरे आहेत हे त्याला त्या जागेवरूनच कळेल. आणि त्या मुलाला रागावू नका. त्यानं आपणहून सांगितलं म्हणून तुमचं काम वाचलं, हे चारचौघांत बोलून दाखवा. तो परत येईल.

मैत्रिणीची दोरी अजून आहे ना? मग काही बिघडलं नाही. माणसागणिक हात बदलतो, पण तिनं मारलेल्या गाठी दोरीवर आहेतच. दोन गाठींतलं अंतर टेपनं मोजा. एकच नको, सगळ्या गाठी मोजा आणि सरासरी काढा. दोरी ओली करूनही मोजा. भिजल्यावर सुताची दोरी आखडते, बाकीच्या दोऱ्यांचीही लांबी थोडी बदलू शकते, आणि तुम्ही मोजलंत ते भिजलेल्या दोरीनं. फुटांचं तर सोपं आहे, एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर.

मग काठ. प्रत्येक विहिरीचा कठडा वेगळ्या उंचीचा असतो. समज, कठड्यापासून पाणी ४ मीटर खाली आणि कठडा ७५ सेंटीमीटर उंच, तर जमिनीपासून पाणी ३.२५ मीटरवर. ही वजाबाकी केल्याशिवाय दोन विहिरी शेजारी शेजारी मांडता येत नाहीत. कठडा आजही मोजता येतो, त्यामुळे जूनपासूनचे सगळे आकडे दुरुस्त होतात.

आलेख काढताना सांभाळा. तुम्ही मोजलेली खोली म्हणजे काठापासून पाणी किती खाली आहे ते. ती नेहमीसारखी खालून वर मांडली तर उन्हाळ्यात रेघ चढते, आणि लोकांना वाटतं विहीर भरली. म्हणून शून्य वर घ्या, ती जमीन. आकडे खाली वाढू देत. मग पाणी वर आलं की रेघही वर येते.

जमलं तर पाणी लिटरमध्येही सांगा. ४ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी एक मीटर चढलं तर साधारण साडेबारा हजार लिटर वाढलं. मीटर ऐकून गावातली बाई पुढं जाईल, पण लिटर ऐकून थांबेल, कारण ते तिनं डोक्यावरून वाहिलेलं असतं.

नावांचं माझं मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर ज्यानं पावसात उभं राहून मोजलं, त्याचं नाव पुसायचा हक्क कुणाला नाही. प्रत्येक नावापुढं विहीर आणि महिने लिहा. ज्यानं जेवढं केलं तेवढं दिसेल, भांडण उरणार नाही.

जांबोटीकडचा शेतकरी

गुरुजींनी सांगितलं ते बरोबरच. माझं एवढंच, मोटार चालू असताना मोजलं असेल तर तो आकडा खाली गेलेला असणार. मोटारीची थ्री फेज वीज कधी असायची ते मळेवाल्याला विचारा आणि त्या वेळेतल्या आकड्यांवर खूण करा. दुसरं असं की आमच्याकडं म्हातारी माणसं तारखा धरत नाहीत. आलेखाच्या तळाला मृग, आर्द्रा, पुनर्वसू, हस्त अशी नक्षत्रं पण लिहा. मृग ७ जूनच्या सुमारास निघतो, बाकीची पंचांगात मिळतील. कुठल्या नक्षत्रात विहीर भरली ते बघायला माझ्यासारखे मुद्दाम येतील.

आणि बोर्ड कन्नडमध्येही करा. शेजारच्या कन्नड शाळेची पोरं येणार, त्यांच्याही घरी विहिरी आहेत.

नववीतली, खानापूर तालुका

सर, काका, दादा, मनापासून आभार. काल आम्ही दोरी मोजली. ओल्या दोरीवर गाठींतलं अंतर सरासरी ४४ सेंटीमीटर भरलं. मैत्रीण एवढी खूश झाली, तिला वाटायलं होतं तिचं सगळं वाया गेलं. ऑक्टोबरची जागा मोकळी सोडली. तो मुलगा आता कठडे मोजायच्या मागं लागलाय, आणि सोडून गेलेल्यातली एक जण नावाची यादी वाचून आलेख रंगवायला आली. कन्नड मजकूर आमचे कन्नडचे सर तपासून देणार आहेत.

एकच अडलंय. मळ्यातली विहीर चौकोनी आहे आणि आत पायऱ्या आहेत. तिचे लिटर कसे काढायचे?

निवृत्त शिक्षक, बेळगाव

लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्यात पडलेला फरक, सगळं मीटरमध्ये. येईल त्याला हजारानं गुण. पण लांबी-रुंदी कठड्यावर घेऊ नकोस, पायऱ्यांमुळं विहीर खाली अरुंद होत जाते. माप पाण्याच्या पातळीजवळ हवं, आणि ते घ्यायला मळ्याच्या मालकाला सांग. तुम्ही मुलांनी खाली उतरायचं नाही.