मदत हवी आहे: सुंबा बेटावर २० आर जागा, शुक्रवारी इसार द्यायचा आहे

इचल_ते_जावा (मंगळवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

इंडोनेशियात सुंबा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खेड्यात २० आर जागा मिळते आहे. आरला २ कोटी रुपिया, म्हणजे एकूण ४० कोटी रुपिया, आपले साधारण एकवीस-बावीस लाख. उतारावरची जागा आहे, समोर समुद्र. बेटावरचं मोठं शहर वाइंगापू, तिथून मोटारसायकलने चार तास लागतात. गावात वीज आहे. पाणी लांबून आणावं लागतं. फोनला रेंज टेकाडावर चढल्यावर येते. मालक म्हणतात शुक्रवारपर्यंत इसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

व्यवहार कसा करायचा? इसार किती द्यावा? आणि कायमचं राहायला गेलो तर तिथे निभेल का? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा, माझ्याकडे तीन दिवस आहेत. "बाली का नाही" हे कृपया विचारू नका. फोटो जोडतोय.

आबलोलीकर (१०:३१)

दादा, बावीस लाखांत आमच्याकडे गुहागर तालुक्यात रस्त्याला लागून जागा दाखवतो. समुद्र दिसणार नाही, पण विहिरीला पाणी आहे आणि सातबारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतो. परक्या मुलखात कशाला पैसे गुंतवता?

मीठभाकर (१०:४४)

सुंबा मी २०१९ मध्ये मोटारसायकलवरून पालथं घातलंय. नोव्हेंबरपर्यंत सगळं माळरान पिवळं असतं, पाऊस पडला की आठवड्यात हिरवं. माणसं सोन्यासारखी. घ्या बिनधास्त. पद्धत सोपी आहे: विश्वासातल्या स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी करायची आणि त्याच्याकडून पंचवीस वर्षांचा भाडेकरार आणि मुखत्यारपत्र लिहून घ्यायचं. माझ्या मित्राने असंच घेतलंय, सात वर्षं झाली, काही झालं नाही.

पासार_बारूची_मीरा (११:०५)

काही झालं नाही म्हणजे अजून झालं नाही, एवढंच. मी जकार्तात एकोणीस वर्षं आहे आणि या पद्धतीने रडलेली माणसं पाहिली आहेत.

धागाकर्ते, इथला मूळ जमीन कायदा १९६० चा. त्याच्या कलम २१ प्रमाणे 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाची. कलम २६ त्याहून कडक आहे. आडमार्गाने परदेशी माणसाला मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि विकणाऱ्याला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी माणसाला 'हाक पाकाई', म्हणजे वापरहक्क मिळतो: ३० वर्षं, मग २० वर्षं वाढ, मग ३० वर्षं नूतनीकरण. २०२१ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. पण त्यासाठी इमिग्रेशनचे वैध कागद हवेत.

आता तुम्ही सांगा. तुम्ही कुठे राहता, भारतात की इथे? कितास (इथे राहण्याचा मुदतीचा परवाना) आहे का? लग्न झालंय का, आणि कोणाशी? मालकाकडे कागद कोणता आहे? त्याच्या मथळ्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहा.

ॲड_तळेगाव (११:२०)

सर्वांत आधी भारतातून पैसे बाहेर नेण्याचा मुद्दा पाहा. उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात परदेशी स्थावर खरेदी बसते. ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. फेमाखाली (परकीय चलन कायदा) नोंद नीट ठेवा. हे केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

इचल_ते_जावा (बुधवार, सकाळी ६:५०)

ॲडव्होकेट साहेब, पैसे भारतातून जाणारच नाहीत. मी अकरा वर्षं पुर्वाकार्ताला सूतगिरणीत आहे, पगार इथलाच, कितास आहे.

मीराताई, बायको सुंबाचीच आहे. वाइंगापूच्या चर्चमध्ये लग्न झालं, सरकारी नोंदही आहे. जागा तिच्या चुलत्यांची. हे सगळं लिहायला हवं होतं का? प्रश्न जागेचा आहे म्हणून लिहिलं नाही. कागदाचा मथळा 'सुरात केतेरांगान', खाली चुलत्यांची आणि गावप्रमुखाची सही, शिक्का.

सासूबाई तिथे एकट्या असतात. रोज पहाटे दोन कॅन घेऊन खाली झऱ्यावर जातात. मागच्या वेळी मी एक कॅन उचलला तर वर येईपर्यंत मला तीनदा टेकवावा लागला, त्या न थांबता गेल्या. त्यांच्याशेजारी घर बांधायचं आहे, बाकी काही नाही. म्हणून बाली नको.

पासार_बारूची_मीरा (सकाळी ७:३५)

अहो, हेच तर मुख्य! बायको इंडोनेशियन आहे म्हटल्यावर सगळं उत्तर बदलतं.

लग्नाआधी संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडे केला होता का? १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची सामाईक होते. म्हणजे बायकोने हाक मिलिकने जागा घेतली की त्यातला हिस्सा परदेशी नवऱ्याचा, आणि परदेशी माणसाला ती मालकी ठेवता येत नाही, वर्षाच्या आत सोडावी लागते. म्हणून नोटरी आणि पेपेआते (जमिनीचा दस्त करणारा अधिकारी) हा करार पहिल्यांदा मागतात.

केला नसेल तरी घाबरू नका. २०१६ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही असा करार करायला मोकळीक दिली. नोटरीकडे करायचा आणि जिथे लग्नाची नोंद आहे तिथे तो नोंदवायचा. मग जागा तिच्या एकटीच्या नावावर पूर्ण मालकीने होते. त्यावर तुमचं नाव कुठेही येणार नाही, याची मनाशी तयारी ठेवा. मुलं आहेत का, त्यांचं पारपत्र कोणतं?

मीठभाकर (७:५२)

ताई, स्वतःच्या बायकोशी कसला करार? गावात लोक काय म्हणतील?

पासार_बारूची_मीरा (८:०३)

गाव काही म्हणत नाही, दस्त अडतो. माझा स्वतःचा करार मी २०१७ मध्ये केला आहे, आणि आमच्या घरात त्यावरून एक शब्द झाला नाही.

खिलारवाला (८:४०)

अवांतर विचारतो, राग नसावा. दुसऱ्या फोटोत मागे पांढरी खोंडं दिसतात, वशिंड मोठं, पोळी लोंबलेली. ती तर आपल्या आंध्रातल्या ओंगोलची वाटतात. इंडोनेशियात कुठून आली?

इचल_ते_जावा (९:१५)

ओंगोलच. 'सापी ओंगोल' म्हणतात. डचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून आणली, सुंबावर शुद्ध पैदास ठेवली, तिथून बाकी बेटांवर गेली. मुलगी सहा वर्षांची आहे, दोन्हीकडची कागदपत्रं काढली आहेत. करार केलेला नाही. मीराताई, इसाराचं सांगा ना. परवा शुक्रवार आहे.

खिलारवाला (९:२२)

वा! आटपाडीच्या बाजारात पूर्वी एक ओंगोल वळू यायचा, अख्खा बाजार बघायला जमायचा. तिथे नांगराला जुंपतात का?

डॉ_शेवंती (११:१०)

जागेचं मला कळत नाही, पण सहा वर्षांची मुलगी वाचली म्हणून लिहिते. पूर्व नुसा तेंगारात (सुंबा ज्या प्रांतात येतं तो) मलेरिया अजून आहे, फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दोन्ही प्रकारचा. औषधी मच्छरदाणी हवीच, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणी. तिघांचीही जी-सिक्स-पी-डी (रक्तातल्या एका विकराची) तपासणी पुर्वाकार्तालाच करून ठेवा, कारण व्हायव्हॅक्सला लागणारं प्रायमाक्वीन ती कमतरता असलेल्यांना देताना जपावं लागतं. मोठं रुग्णालय चार तासांवर म्हणजे रात्रीचा ताप ही तुमची खरी परीक्षा. गाडी कोणाची, हे आधी ठरवा.

कुंडलिका (दुपारी १:३०)

भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणून माझा प्रश्न: जागा समुद्रसपाटीपासून किती उंच? १९ ऑगस्ट १९७७ ला सुंबाच्या दक्षिणेला ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्सुनामीने सुंबा आणि शेजारच्या सुंबावा बेटावर माणसं गेली. तुमचा किनारा नेमका तोच. शिवाय भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून किमान १०० मीटर पट्टा तिथे किनाऱ्यासाठी राखीव असतो.

आणि पहिल्या फोटोत उजव्या कडेला झाडाखाली जाड चपटी शिळा आहे. खाली चार दगडी खांब दिसतात. हे काय आहे? नैसर्गिक नाही ते.

इचल_ते_जावा (१:५५)

उंची चाळीसेक मीटर असेल, किनारा खाली राहतो. दगड जुना आहे. पोरं त्यावर बसतात, भुईमूग वाळत घालतात.

मीठभाकर (२:२०)

थांबा थांबा. फोटो आता मोठा करून पाहिला. भाऊ, ती कबर आहे. सुंबात चार पायांवर आडवी शिळा म्हणजे कबरच, अख्ख्या बेटावर पाहिल्या आहेत. घरांच्या अंगणातच असतात, त्यावर माणसं बसतात, धान्य वाळवतात, त्यात अपमान नाही. पण शिळा कोणाची हे सगळ्या गावाला पाठ असतं. मी काल 'बिनधास्त घ्या' म्हणालो ते मागे घेतो. आधी विचारा, त्याखाली कोण आहे.

आबलोलीकर (३:०५)

आता माझं ऐका, गुहागरची जाहिरात करत नाही. आमच्या वाडीच्या सामाईक जागेवर बेचाळीस नावं आहेत. एका चुलत्याने मुंबईच्या पार्टीकडून इसार घेतला, बाकीच्या एकेचाळीस जणांना पत्ता नाही. चार वर्षं कोर्ट चाललं. पार्टीचे पैसे गेले ते गेलेच, पण गणपतीला एका मांडवात बसणारी घरं वेगळी बसू लागली, ती आजतागायत. एकट्या माणसाची सही आणि गावप्रमुखाचा शिक्का, एवढ्यावर कुळाची जागा विकली जात असेल यावर माझा विश्वास नाही. तुमच्या बायकोला भाऊ किती, चुलते किती?

पासार_बारूची_मीरा (४:१०)

आबलोलीकरांना +१. पूर्व सुंबात कुळाला काबिहू म्हणतात आणि जमीन बहुतेक वेळा काबिहूची असते. कसणारा एक, हक्क सगळ्यांचा. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या काबिहूत जाते, म्हणजे तुमची बायको रीतीप्रमाणे बाहेरची झाली. उद्या तिचा चुलतभाऊ उभा राहिला तर तिची बाजू कोण घेणार, हे आज ठरायला हवं.

सुरात केतेरांगान हा नुसता दाखला. मालकीचा पुरावा नाही. क्रम असा असायला हवा: सगळ्या वारसांच्या सह्या, शेजाऱ्यांसमोर हद्दीची मोजणी, जमीन कार्यालयाकडून चुलत्यांच्या नावाचं प्रमाणपत्र, मग तुमचा नवरा-बायकोचा करार, मग पेपेआतेसमोर खरेदीखत. विकणाऱ्याचा कर अडीच टक्के, घेणाऱ्याचा जास्तीत जास्त पाच. शुक्रवारी यातलं काहीही होणार नाही. म्हणून इसार किती याचं उत्तर: एक रुपियाही नाही.

ॲड_तळेगाव (४:४०)

इसार देऊन पावती घ्यावी आणि त्यात अटी घालाव्यात. भारतात आम्ही असंच करतो.

पासार_बारूची_मीरा (४:४८)

साहेब, चुलतसासऱ्यांवर अटीची पावती घेऊन हा माणूस कोणत्या कोर्टात जाणार आहे?

इचल_ते_जावा (गुरुवार, रात्री ११:३०)

काल संध्याकाळी बायकोला फोटो दाखवून दगडाचं विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली भिंत कोणाची हे विचारलं होतं. म्हणाली, आजोबा आहेत.

तिची आजी मागच्या वर्षी गेली. अजून पुरलेली नाही. सुंबात दफनाला म्हशी, डुकरं लागतात, सगळ्या नातेवाइकांना बोलवावं लागतं, ते जमेपर्यंत थांबतात, वर्षानुवर्षंही. आजी घरातल्या एका खोलीत आहेत, हाताने विणलेल्या कापडांत गुंडाळलेल्या, एकावर एक किती थर ते मी मोजलं नव्हतं. मी त्या खोलीत जाऊन बसलेलो आहे. समोर कॉफी ठेवली होती त्यांच्यासाठीही. हे सगळं मला माहीत होतं, पण जागेच्या व्यवहाराशी मी जोडलं नव्हतं.

आज सासूबाई टेकाडावर जाऊन बोलल्या. चुलते पैसे मागताहेत ते दफनासाठी. थोरले म्हणून खर्च त्यांच्यावर, दुसरं गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. आणि आजींना ठेवणार आहेत त्याच शिळेखाली, आजोबांशेजारी. म्हणजे ज्या कोपऱ्यात मी न्हाणीघर धरलं होतं तिथे.

चुलते खोटं बोलले असं मला वाटत नाही. माझ्याकडे सरळ हात पसरायचा नव्हता, म्हणून जागा पुढे केली. बायको म्हणाली, आजी माझीही आहे. उद्या आम्ही दोन म्हशींचे पैसे पाठवतोय, दफनासाठी म्हणूनच, त्याचा जागेशी संबंध नाही हे तिने फोनवर दोनदा सांगितलं. दफनाला सगळे भाऊबंद येतील तेव्हा सासूबाईंच्या घराच्या मागची पट्टी मागायची, सगळ्यांसमोर. मिळाली तर मीराताईंच्या क्रमाने. कराराची माहिती काढायला नोटरीकडे सोमवारी जातोय.

तोवर पाण्याचं करायचं आहे. सासूबाईंच्या घराला पत्रा आहे, २४ फूट बाय १८. कोणी पावसाच्या पाण्याची टाकी बांधली आहे का? किती लिटरची घ्यावी?

आबलोलीकर (११:५२)

मी बांधली आहे, दोन. तुमचा पत्रा साधारण ४० चौरस मीटर. म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ४० लिटर, १०० मिलिमीटरला ४,०००, गळती-उडती धरून ३,२०० हाती येतील. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा नळ ठेवा. टाकी झाकणाची आणि पाईपच्या तोंडाला जाळी, डॉक्टर बाईंनी मलेरियाचं लिहिलंय. पन्हळ आहे का पत्र्याला? कडेचा फोटो टाका, सकाळी बघून सांगतो.