बॅटरी फुगली. दाजींचं खरं मानू की क्लार्कचं?

खानापूरचा मास्तर
१४ महिन्यांपूर्वी दाजींच्या सांगण्यावरून फोन घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रविवारी बघतोय तर मागचं झाकण एका कडेनं उचललेलं, नख आत जाईल एवढी फट. टेबलावर ठेवून बोटानं ढकलला की भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय.

दाजींना कळवलं. पहिला प्रश्न, "चार्जर कुठला वापरतोस?" त्यांच्या घरात त्याच कंपनीचे चार फोन, एकालाही काही झालं नाही, म्हणजे चूक माझीच. शाळेतले क्लार्क दुसऱ्या कंपनीवाले. फोन हातात न घेताच म्हणाले, "त्या कंपनीचे सगळेच फुगतात, सर." बोलताना चेहऱ्यावर आनंद मावेना. सर्व्हिस सेंटरनं वॉरंटी संपली म्हणून हात झटकले.

एक गोष्ट दाजींना सांगितलेली नाही. मी रोज खानापूर-बेळगाव मोटरसायकलनं जातो. फोन हँडलच्या स्टँडवर, भर उन्हात. तर दोष कुणाचा, हे ठरवायचं कसं?

शहापूरकर
नाव नाही लिहिलं तरी कळलं कुठली कंपनी ते. सात वर्षं वापरायलोय, एक तक्रार नाही. विनाकारण बदनामी नको.

नंदगडचा भाऊ
मला तर वेगळीच कंपनी वाटली होती! तुम्हाला का झोंबलं?

खडेबाजार मोबाईलवाला
मास्तर, आधी चार्जिंग बंद करा. झाकण दाबून बसवायला जाऊ नका, टाचणी तर अजिबात नको. आत गॅस धरलाय. दुकानात आणा, पण शर्टाच्या खिशातून नको.

आता तुमचा प्रश्न. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त फुगलेले फोन कुठल्या कंपनीचे येतात? आपल्याकडं जे सगळ्यात जास्त खपतात त्यांचे. चांगला चाललेला फोन घेऊन माझ्याकडं कोण येईल? म्हणून माझ्या टेबलावरनं कंपनी जोखता येत नाही, आणि दाजींच्या चार फोनांवरनंही नाही.

२००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीची बोंब झाली, आठवतंय? नोकियासाठी मात्सुशिता या जपानी कंपनीनं बनवलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्यांबद्दल सूचना आली, तोवर जास्त तापल्याच्या घटना जेमतेम शंभराच्या घरात. पोरं मात्र फोन उघडून बॅटऱ्या उलट्या करून बघायलेली. दोष खरा होता, भीती त्याच्या कितीतरी पट.

उलटंही घडतं. २०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलक्सी नोट ७ फोन पेटायला लागले तेव्हा चाहते म्हणत होते, लोकलचा चार्जर लावला असणार. कंपनीनं फोन बदलून दिले, दुसऱ्या कारखान्याची बॅटरी घातलेले, आणि तेही पेटले. शेवटी २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्यावर जानेवारी २०१७ मध्ये कारण सांगितलं. एका कारखान्याच्या बॅटरीत कोपऱ्यावर जागा कमी पडून आतली पट्टी वाकलेली, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे काटे. एका फोनात दोन वेगळे दोष! चार्जरला शिव्या देऊन हे कळलं असतं काय?

म्हणून मी तीन गोष्टी विचारतो. बॅटरी मूळची की बदललेली? किती तापत होता? आणि त्याच मॉडेलचा, त्याच महिन्यातला दुसरा कुणाचा फुगलाय काय? तिसरं महत्त्वाचं. एकटा तुमचाच फुगला असेल तर उन्हाकडं बोट जाईल. उन्हात न फिरलेलाही फुगला असेल तर मग कंपनीकडं. ग्राहक आयोगात गेलात तरी नुसतं 'फुगली' म्हणून भागणार नाही. २०१९ च्या कायद्यात प्रयोगशाळेत तपासून घ्यायची सोय आहे, ती मागा.

खानापूरचा मास्तर
काल बॅटरी बदलून आणली. मूळचीच होती. शाळेतल्या एका बाईंकडं तेच मॉडेल आहे, त्यांचा फोन टेबलावर ठेवून बघितला, जागचा हलला नाही. मनात म्हटलं, ऊनच कारण, मास्तर, गप्प बसा.

मग संध्याकाळी दाजी आले. त्यांच्या चारपैकी एक मी घेतला त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून घेतलेला. ताईचा. दिवसभर स्वयंपाकघरात असतो, ऊन कधी बघितलेलंच नाही. चहाच्या टेबलावर ठेवला आणि बोटानं ढकलला. दीड फेरी मारली त्यानं. दाजी म्हणाले, "टेबल वाकडं आहे तुझं." उठून ओट्यावर ठेवला, तिथंही फिरला. मग ते कुंद्याबद्दल बोलायला लागले.

खडेबाजार मोबाईलवाला
टेबलाचं राहू द्या. ताईंना सांगा, आजपासून तो फोन चार्जिंगला लावायचा नाही. उद्या अकराला दुकान उघडतो.