ऐकायला एकच, लिहायला वेगळं: मुलांना कसं शिकवता? अनुभव लिहा

तिसरी-चौथीच्या वह्या ज्यांनी तपासल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत. बोलताना फरक कानाला लागत नाही आणि लिहिताना मात्र वेलांटी-उकार पहिला की दुसरा ते ठरवावंच लागतं. 'नीट ऐकून लिहा' असं आपण दटावतो खरं, पण जे ऐकूच येत नाही ते पोरं ऐकणार कुठून? शाळेत, शिकवणीत, घरी तुम्ही काय करून पाहिलंत ते लिहा. नियम पुस्तकात आहेत, इथे अनुभव हवेत.

जि. प. शाळेतली शिक्षिका, अकोला जिल्हा

आमच्याकडे तुमची यादी फारच तोकडी पडते. वऱ्हाडात घरोघरी 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय. त्यामुळे पुस्तकात ज्या जोड्या नाहीतच त्या आमच्या मुलांच्या कानात तयार असतात. माळ आणि माय एक, गाळ आणि गाय एक. तिसरीतल्या एकाने लिहिलं होतं, 'बाबांनी विहिरीतला गाय काढला.' मी धसकलेच, गाय पडली कधी? चौकशी केली तर उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढला होता. आणि एकदा का शुद्धलेखनाची धास्ती बसली की गाडी उलट्या दिशेने धावते: 'आमची गाळ दूध देते.' तण-तन, मण-मन यांचीही तीच गत.

मी फुली मारत नाही. फळ्याचे दोन भाग करते, डावीकडे 'घरी', उजवीकडे 'वहीत'. डावीकडचे शब्द मुलं ओरडून सांगतात, उजवीकडचे एकेकाने येऊन लिहायचे. त्याआधी जिभेची कसरत. 'ळ' म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते आणि खाली येते, 'य'ला ती कुठे टेकतच नाही. पोरांना हे फार आवडतं. पाच मिनिटं वर्गात नुसतं ळळळ चालतं, शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून जातात. डावी बाजू मात्र तास संपेपर्यंत पुसू देत नाही. आजीशी बोलायला तीच भाषा लागते, ती चूक कशी म्हणू?

एक आजोबा, पुणे

आमची अडचण घरातलीच. मी कवि, गति, बुद्धि असं लिहीत मोठा झालो. नात पाचवीत आहे. तिच्या बाईंनी माझ्या हातच्या 'कवि'वर लाल रेघ ओढली, आणि त्यांचं बरोबरच आहे. १९६२च्या नियमांनी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी नि उकार दीर्घ केले. (आणि, परंतु, तथापि हे अपवाद.) पण गंमत पुढे आहे. तिच्या शिकवणीच्या सरावपत्रिकेत 'पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे जल' ही जोडी अजून छापलेली असते. नव्या नियमाने सुटा शब्द लिहिला तर हातसुद्धा 'पाणी'च होणार! पहिली वेलांटी उरते ती पाणिग्रहणासारख्या सामासिक शब्दात. मी नातीला म्हटलं, ही जोडी तू लग्नापुरतीच लक्षात ठेव.

सेमी-इंग्रजीच्या वर्गाची शिक्षिका, नाशिक

आमचं दुखणं दुहेरी. एस-ओ-एन सन, एस-यू-एन सन घोकून घेतलं की बसतं. पण फ्लॉवर म्हटलं की वर्गाच्या डोळ्यांपुढे आधी भाजी येते, मग फूल, आणि पीठ तर कुणाला सुचतच नाही. यावर उपाय सापडलेला नाही. सध्या नुसती चित्रं काढून घेते.

दृष्टिहीन मुलांचा शिक्षक

इथे ब्रेलचा कुणी उल्लेख करत नाही म्हणून लिहितो. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसतं, प्रत्येक टिंबाला क्रमांक असतो. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार ही टिंबं, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. बोटाला दोन्ही पूर्ण वेगळे लागतात. शिवाय छापील 'दि'मध्ये वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, द नंतरच येते. त्यामुळे जी मुलं भरपूर ब्रेल वाचतात त्यांना दिन आणि दीन यांत घोटाळा होत नाही, दोन शब्द बोटांखालून गेलेले असतात.

खरी पंचाईत हल्ली सुरू झालीय. मुलं मोबाईलवर ऐकून शिकतात. वाचून दाखवणारा आवाज दोन्ही शब्द सारखेच म्हणतो आणि टाइप करताना चुकलेलं कळतच नाही. आठवीतल्या एका हुशार मुलीने शिक्षक दिनाचं भाषण टाइप केलं, त्यात सगळीकडे 'शिक्षक दीन'. मी म्हटलं, वस्तुस्थिती लिहिलीस! आता माझा नियम असा की नवा शब्द आधी बोटाने वाचायचा, मगच ऐकायचा. मुलं कुरकुरतात, ब्रेलची जाडजूड पुस्तकं कोण उचलणार म्हणतात. चालायचंच.

एक आई, न्यू जर्सी

रविवारच्या मराठी शाळेपुरतं बोलते. आमच्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ ही फार पुढची पायरी. त, ट, थ, ठ या चौघांत फरक ऐकू आला तरी मी पेढे वाटीन. दहा वेळा लिहून काढणं इथे चालत नाही, मूल पुढच्या रविवारी येतच नाही.

माध्यमिक शिक्षिका, सातारा

वरच्या ताईंशी सहमत, दहा वेळा लिहिण्याने अक्षर सुधारतं, शब्द नाही. माझा मुद्दा जरा वेगळा आहे. ह्या जोड्या आपण जोडीने शिकवतो तिथेच फसतो. सूत आणि सुत एका तासात दिले की दोन्ही कायमचे एकमेकांत अडकतात. त्यात प्रत्यय लागला की फरकच नाहीसा: धागा असो की मुलगा, दोघांचं 'सुताचा'. म्हणून मी आधी फक्त सूत घेते. चरखा, सूतगिरणी, दोघांचं सूत जुळणं. 'मग सुती कापडाला पहिला उकार का?' हे कुणीतरी विचारतंच. शेवटचं अक्षर दीर्घ झालं की मराठी शब्दात आधीचं आखडतं. मूल-मुले, फूल-फुले, पीठ-पिठी असं वर्गच भराभरा सांगतो. सुत महिनाभराने, तोही एकटा नाही. पवनसुत म्हणून येतो, आणि मारुती माहीत नाही असं पोर आमच्या गावात नाही.

शिर-शीरचं मात्र अडलंय. 'शीर'चं अनेकवचन शिरा म्हटलं की मुलं थेट सत्यनारायणाच्या प्रसादावर जातात. कुणाकडे तोडगा असेल तर सांगा, सोमवारी तोच धडा आहे.